धरून आहे

रोवणीचे दिवस. ओपीडीत चिखलाचे पाय.
सायत्रा निकुरे, वय चौतीस,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली
पदराखालून काढते, चोरीची असावी तशी.
"आग होते जी. अन् पुन्हा पुन्हा जावंसं वाटते."
मी लेबल चिकटवते. बाटली अजून कोमट.

काचपट्टीवर दिसतात त्या इवल्या दांड्या,
धानाच्या तुसागत, पण आपल्या आपण हलणाऱ्या.
हात दिसत नाहीत त्यांचे.
सिंदेवाहीच्या भिंगाची तेवढी ऐपत नाही.
नागपूरच्या ट्रेनिंगमध्ये पडद्यावर दाखवले होते:
एकेका दांडीला शेकडो केस,
एकेक केस म्हणजे हजारभर कड्यांचा पीळ,
आणि प्रत्येक कडी अपुरी.
तिच्या विणीत एक कमची कमी.
ती जागा शेजारची कडी
आपली कमची घालून भरते,
शेजारचीची उणीव तिच्या पलीकडची.
बाकीचे वह्या भरत होते.
मला भिजवलेल्या बांबूचा वास आला.

आम्ही बुरूड. बाबांनी कधी म्हटलं नाही, हे शिक.
फक्त बोटात फास गेली की मला हाक मारायचे,
कंदिलाजवळ. नजर चांगली म्हणून.
तीच नजर पुढं सरकारी नोकरीला लागली.

केसाच्या टोकाला एक मूठ.
मुठीत खळगा, नेमका एका साखरेच्या मापाचा.
डब्यातली साखर नव्हे;
आपल्या आतल्या अस्तरावर
पेशी-पेशीच्या उंबऱ्याला लागलेली असते ती.
मूठ सायत्राला ओळखत नाही.
मूठ फक्त साखर ओळखते.

आणि मूठ दोन तुकड्यांची,
एकाला एक टेकलेली.
टेकलेली आहे तोवर खळगा सैल,
साखर धरली काय, सुटली काय.
पण धार आली, ओढ बसली,
की तुकडे विलग होतात
आणि खळगा मिटतो.
जितकं वाहून न्यावं तितकं घट्ट.
मागचा पीळ उलगडतो, लांबतो, तुटत नाही,
धार सरली की पुन्हा गुंडाळून बसतो.

सरांनी विचारलं, असं काही पाहिलंय का कोणी?
मी हात वर केला नाही.

सिंदीच्या पानाची नळी विणायचे बाबा,
बाजारात सुपांबरोबर पोरांना फुकट.
घाल बोट. आता ओढ.
ओढलं की आवळायची.
पोरं रडकुंडीला आली की म्हणायचे,
"ओढू नको ना बाप्पा. आत ढकल, मंग सुटते."

रिपोर्टवर याला रकाना नाही.
पस सेल्स: भरपूर.
"पाणी जास्त प्यायचं," मी सांगते.
डॉक्टरही तेच सांगतील, भिंतीवरही लिहिलंय,
आणि खोटं नाही ते: सारख्या धारेपुढं
सगळ्याच मुठी टिकत नाहीत.
सायत्रा हसते.
"पाणी पिऊन जाऊ कुठं?
बांधीत वीस बाया, वरून गडी-मानसं,
धुऱ्यावर एक आडोसा नाही.
येनाचं झाड होतं, तेबी तोडलं.
अंधारात जातो घरून, मंग अंधार पडल्यावरच.
दिवसभर धरून राहतो."

कोण कोणाला धरून आहे,
हे मी तिला समजावून सांगायला हवं होतं.
सांगितलं फक्त, गोळ्या पाच दिवस, मधे सोडायच्या नाहीत.
तिनं रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोचली
आणि ट्रॅक्टर सुटेल म्हणत धावली.

घड्याळात पावणेदोन.
लेडीजची चावी वॉर्डबॉय मेश्रामकडे,
मेश्राम नऊपासून मीटिंगला.
पाण्याची बाटली सकाळी भरली तशीच आहे.
पुढच्या नमुन्यावर नाव लिहिते,
गुडघ्यावर गुडघा.